मृगाला सुरू होणारे वर्ष

आमच्या कंपनीत वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मुलीच्या शाळेचे जूनमध्ये, माझ्या एम.ए.चे जुलैमध्ये, सासूबाईंचे चैत्र पाडव्याला आणि आमच्या सोसायटीतल्या गुजराती शेजाऱ्यांचे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. बडोद्याच्या मराठी घरात ही सगळी वर्षे एका भिंतीवर, एकाच दिनदर्शिकेत सुखाने नांदतात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून इतिहासाचा अभ्यास करायला घेतला तेव्हा या घरात आणखी एक वर्ष आले. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की ते सुरू होते, म्हणजे साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो त्या सुमारास. पेशवाईतले हिशेब याच वर्षाने चालत. त्याला मृगसाल म्हणतात, आणि कागदावर ते शुहूर सनाच्या अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते. मी शिकलेल्या सगळ्या वर्षांमध्ये या एका वर्षाने मला सर्वांत जास्त शिकवले, आणि तेही एका चुकीतून.

दांडिया बाजारात एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांच्याकडे मी दर रविवारी सकाळी मोडी शिकायला जाते. एम.ए.च्या अभ्यासक्रमात मोडी नाही. ती मी हट्टाने जोडून घेतली, कारण बडोद्यात राहून, कोठीच्या इमारतीतल्या अभिलेखागारावरून रोज बसने जायचे आणि आतले कागद आपल्याला वाचता येत नाहीत हे मला सहन होत नव्हते. मोडीत आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्ह नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. लिहिणाऱ्याचा बोरू शक्यतो उचलला जात नाही, म्हणून वाचणाऱ्यालाही मध्ये श्वास घ्यायला जागा सापडत नाही. पहिले सहा महिने एका ओळीला माझा अर्धा तास जात असे.

त्या रविवारी सरांनी सरावासाठी एका जुन्या हिशेबाच्या पानाची छायाप्रत दिली होती. मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या खर्ड्याच्या लढाईत कामी आलेल्या एका स्वाराच्या बायकोला बालपरवेशी दिल्याची नोंद होती. लढाईत मेलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या मुलाबाळांच्या पोटासाठी सरकारातून जी नेमणूक होई तिला बालपरवेशी म्हणत. हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला, आणि तो वाचता आला याचा आनंद इतका झाला की बाकीचे पान मी धावत संपवले. तारीख होती छ १५ सवाल, म्हणजे सवाल या हिजरी महिन्याची पंधरावी, सन खमस तिसैन मया व अलफ. खमस पाच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११९५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो हे मला पाठ होते, म्हणून मी वहीत १७९४ लिहिले आणि वही सरांपुढे ठेवली.

सरांनी चष्मा वर केला आणि विचारले, "ताई, खर्ड्याची लढाई कधी झाली?"

"११ मार्च १७९५."

"मग ही बाई वर्षभर आधीच विधवा कशी झाली?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. सरांनी कागद माझ्याकडे सरकवून शांतपणे समजावले की ११९५ हे वर्ष १७९४ च्या जूनमध्ये सुरू होऊन १७९५ च्या जूनमध्ये संपते. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांना ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृग लागेपर्यंतच्या तारखांना ६००. तो सवाल महिना १७९५ च्या एप्रिल-मेमध्ये येतो. लढाईला दोन महिने झाले नव्हते तेवढ्यात तिच्या नावाची नोंद झाली होती.

मी अठरा वर्षे लेखा विभागात काम करते. ३१ मार्चच्या रात्री ट्रकमध्ये असलेला माल कोणत्या वर्षाचा आणि १ एप्रिलला आलेले बिल कोणत्या वर्षाचे, यावर मी दरवर्षी लेखापरीक्षकांशी तासन् तास बोलते. वर्षाच्या कडेवर उभ्या असलेल्या नोंदीकडे दोनदा पाहावे, हा माझ्या पोटापाण्याचा धडा आहे. तरीही त्या दिवशी तो मला आठवला नाही, आणि त्याचे कारण घरी येताना मला कळले. मी फक्त अक्षरे लावत होते. त्या बाईकडे मी पाहिलेच नव्हते. पाहिले असते, तर हिचा नवरा केव्हा गेला हा प्रश्न आपोआप मनात आला असता आणि सनाचा हिशेब त्याच्या मागून बरोबर चालत आला असता.

इथे माझ्या अभ्यासाची थोडी माहिती द्यायला हवी. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्न, मूल, बदली झालेल्या नवऱ्याचे परगावचे बिऱ्हाड आणि परत बडोदे, यात इतिहासाची आवड वर्तमानपत्रातले लेख कापून ठेवण्यापुरती उरली होती. इथल्या विद्यापीठात इतिहासाचे वर्ग दिवसा भरतात आणि दिवसा मी मकरपुऱ्याला कामावर असते, म्हणून मुक्त विद्यापीठाचा मार्ग धरला. तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर एम.ए. इतिहासाला बसू शकतो. एकूण ६४ श्रेयांक, आणि एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे १,९२० तास. हिशेबाच्या माणसाने पहिल्या दिवशी जे केले असते तेच मी केले: पहाटे पाच ते साडेसहा, रोज दीड तास, म्हणजे १,२८० दिवस, साडेतीन वर्षे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला दोन वर्षांत झेपणार नाही हे मला त्याच दिवशी ठाऊक झाले आणि त्याचे मी वाईट वाटून घेतले नाही.

वेळ कमी पडतो असे सगळे म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. वेळ काढता येतो. मोडतो तो सलगपणा. मौर्यांच्या करव्यवस्थेवरचे प्रकरण अर्ध्यावर आले की महिन्याची ११ तारीख येते, जीएसटीचे पहिले विवरण भरायचे असते. ते झाले की २० तारखेचे दुसरे. त्या दहा दिवसांत पहाटेचा दीड तास मिळतो, पण मन रात्रीच्या न जुळलेल्या रकमांपाशी असते. पुन्हा पुस्तक उघडले की आधीचा युक्तिवाद हातातून निसटलेला असतो आणि चार पाने मागे जाऊन तो परत धरावा लागतो. इतिहासाच्या पुस्तकात माहिती लक्षात ठेवणे सोपे असते. लेखक एका गोष्टीवरून दुसरीकडे कसा गेला तो रस्ता लक्षात ठेवणे अवघड असते. म्हणून मी एक सवय लावून घेतली. पुस्तक मिटताना शेवटच्या पानावरचा मुद्दा लिहायचा नाही. पुढे काय प्रश्न पडला आहे तो लिहायचा. मुद्दा शिळा होतो, प्रश्न दहा दिवसांनीसुद्धा ताजा राहतो.

भाषेचाही एक गुंता आहे, आणि तो बडोद्याच्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कामावर दिवसभर गुजराती आणि इंग्रजी, पुस्तके इंग्रजी, उत्तरपत्रिका मी हिंदीत लिहिते, कारण परीक्षेला हिंदी आणि इंग्रजी एवढेच पर्याय आहेत. टिपणे मात्र मराठीत काढते. मराठीत स्वतःला सांगता आले नाही ते मला कळलेले नसते, एवढे मी अनुभवाने म्हणू शकते. 'सरंजामशाही' हा शब्द मी हिंदी उत्तरात 'सामंतवाद' म्हणून लिहिते तेव्हा त्यातला आमचा सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख, गळून पडतो आणि मला प्रत्येक वेळी चुटपुट लागते.

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. पहिल्या जूनला मी पाच दिवसांची रजा मागितली तेव्हा वरच्या अधिकाऱ्यांनी, या वयात आणि तेही इतिहास कशाला, याचा कंपनीला उपयोग काय, असे विचारून ती तीन दिवसांवर आणली. दोन पेपर राहिले, ते मी डिसेंबरात दिले. त्या प्रश्नाचा राग मला बरेच दिवस पुरला. राग ओसरल्यावर प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर शोधताना मला या गावातल्याच एका नोकरदाराची आठवण झाली.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि १९२५ साली निवृत्त झाले. छत्तीस वर्षे. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, दौऱ्यांवर बरोबर जाणे ही त्यांची कामे. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून १८९८ साली 'मुसलमानी रियासत' हा इतिहासग्रंथ उभा राहिला, १९०२ पासून 'मराठी रियासत'चे भाग येऊ लागले. ज्यांना महाराष्ट्र रियासतकार म्हणून ओळखतो ते गृहस्थ एवढे सगळे लिहीत असताना पूर्णवेळ नोकरी करत होते. पेशवे दफ्तराचे ४५ खंड त्यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ मध्ये निघाले तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती. ग्रँट डफ साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी होता, न्यायमूर्ती रानडे न्यायासनावर होते. मराठ्यांचा इतिहास पुष्कळसा कचेरी सुटल्यावर लिहिला गेला आहे, आणि ज्या कागदांवरून तो लिहिला ते तर निखळ कचेरीतच लिहिले गेले: फडणीस, चिटणीस, मुजुमदार आणि त्यांच्या हाताखालचे कारकून यांच्याकडून, पगारासाठी, रोजच्या रोज. (या मोठ्या माणसांच्या घरची चूल त्या वर्षांत कोणी सांभाळली, हे मला फार जाणून घ्यावेसे वाटते. माझ्या पहाटेच्या दीड तासाच्या मागे सासूबाईंनी उचललेला डबा आहे, आणि त्याची नोंद मी तरी करून ठेवीन.)

पण बडोद्याच्या कचेरीची आठवण इथेच थांबवली तर ती खोटी होईल. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून, एम.ए. होऊन आलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली याच गावात नोकरीवर रुजू झाले. कराराने त्यांना दहा वर्षे इथे नोकरी करायची होती. कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले आणि कामाठी बागेत एका झाडाखाली बसून त्यांना गावाचा निरोप घ्यावा लागला. त्याच वेळी, त्याच महाराजांच्या पदरी, रियासतकारांची नोकरी आणि लेखन दोन्ही निर्वेध चालू होते. शिकणे आणि नोकरी यांची सांगड घालणे अवघड असते असे मी सहज बोलून जाते, तेव्हा मला हे दोन समकालीन नोकरदार शेजारी शेजारी आठवतात आणि माझ्या अडचणीचे माप मला कळते. माझी रजा दोन दिवसांनी कमी झाली होती. माझे टेबल माझ्या जागेवर होते.

दुसऱ्या वर्षी आर्थिक इतिहास वाचताना दख्खनच्या दंग्यांशी गाठ पडली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला ते सुरू झाले आणि पुणे-अहमदनगर भागात पसरले. कारण शाळेत वाचले होते: अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले, त्यातच सरकारने सारा वाढवला. नवीन होते ते लोकांनी काय जाळले ते. माणसांवर हल्ले फारसे झाले नाहीत. जमावाने सावकारांच्या घरातून कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढल्या आणि त्या जाळल्या. सावकाराने त्या मुकाट्याने दिल्या तर घराला हात लावला नाही असेही पुष्कळ ठिकाणी घडले.

त्या पहाटे मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिले. वही माझ्या दृष्टीने सगळ्यांत प्रामाणिक वस्तू होती. माणसे विसरतात, खोटे बोलतात, वही बोलत नाही. जमेला खर्च लागतो, ताळा बसतो. कोणाला ती जाळावीशी वाटेल आणि त्यात तो शहाणा असेल, असे कधी मनात आले नव्हते. ज्या कुणब्याला वाचता येत नव्हते, ज्याने सावकाराने सांगितलेल्या जागी नांगराची खूण काढली होती, त्याच्या लेखी ताळा बसलेली वही हा गळ्याभोवतीचा फास होता. हिशेब बरोबर असणे आणि न्याय्य असणे या दोन गोष्टी आहेत, हे मला लेखाशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. लेखणी ज्याच्या हातात नाही तो वहीत कुठे सापडतो, हा प्रश्न मी त्या दिवशी टिपणवहीत शेवटी लिहिला, आणि तो अजून ताजा आहे.

त्याच प्रश्नापायी, साठवून ठेवलेल्या तीन नैमित्तिक रजा घेऊन मी पहिल्यांदा कोठीच्या अभिलेखागारात गेले. तिथे कागद पुस्तकासारखे उभे नसतात. चौकोनी कापडात गाठ मारून बांधलेले गठ्ठे असतात, त्यांना रुमाल म्हणतात. गाठ सोडताना कापडाची बारीक धूळ बोटांवर येते आणि आत कसर लागलेल्या कागदांना चाळणीसारखी भोके पडलेली दिसतात. मला मिळालेला रुमाल जमाखर्चाचा होता. पहिल्या पानावर अर्धा दिवस गेला. बाबाशाही रुपये, म्हणजे गायकवाडांचे स्वतःचे नाणे, एका बाजूला आणि बट्टा वजा करून दुसरे चलन दुसऱ्या बाजूला, तसलमात म्हणून दिलेली उचल, आणि रकमेशेजारी तपासणाऱ्याच्या हातचा 'रुजू', म्हणजे ताडून पाहिले, असा शेरा. ही अक्षरे ओळखीची वाटू लागली तेव्हा जे वाटले ते सांगणे अवघड आहे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा कोणी एक कारकून माझेच काम करत होता आणि एके ठिकाणी बेरीज चुकून त्याने ती खोडून पुन्हा मांडली होती. खोडलेली शाई कागदातून आरपार गेली होती. त्या पानावर एकदाच, 'पालखीचे भोई' एवढ्या दोन शब्दांत, नाव नसलेली माणसे होती: किती जण ते नाही, गाव नाही, फक्त दिलेली रक्कम. मी ती ओळ वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. त्या तीन दिवसांत दुसरे फारसे काही हाती लागले नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये कंत्राटी कामगारांच्या बिलांचे काम माझ्याकडे आले. पूर्वी मी अशा बिलाची बेरीज तपासली असती, दर करारापुढे ताडून पाहिला असता आणि सही केली असती. या वेळी बिलाबरोबर हजेरीपत्रक मागवले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बेन, आजवर कोणी मागितले नाही." पण आणून दिले. जुलैचे पान ३१ तारखेच्या संध्याकाळी मिटलेले होते आणि ऑगस्टचे १ तारखेच्या सकाळी उघडलेले. तिसरी पाळी रात्री अकराला सुरू होते आणि सकाळी सातला संपते. मी दोन्ही पाने शेजारी ठेवली आणि ३१ च्या रात्री कामावर असलेली माणसे शोधू लागले. ती जुलैत नव्हती आणि ऑगस्टमध्येही नव्हती. फाटकावरच्या रखवालदाराच्या वहीत मात्र आत गेल्याची वेळ सातही जणांच्या नावासमोर होती. मागचे महिने काढले. पाचही महिन्यांत शेवटची रात्र अशीच दोन पानांच्या मध्ये पडून गेली होती. बेरीज प्रत्येक बिलाची बरोबर होती, आणि त्यातल्या काही बिलांवर आमच्याच विभागाची तपासल्याची सही होती.

पैसे मिळायला सप्टेंबर उजाडला, त्यासाठी चार वेळा कागद वर-खाली फिरवावे लागले. दिले त्या दिवशी सातही जण पाळी संपवून लेखा विभागाच्या दाराशी उभे होते. त्यातल्या सर्वांत वयस्क माणसाने पावतीवर अंगठा उमटवला, बोट पुसायला मी कागद दिला तो घडी करून खिशात ठेवला आणि पाच रात्रींचे पैसे दोनदा मोजले. त्याचे नाव मी विचारून घेतले होते. ते पावतीवर गुजरातीत पूर्ण लिहिले, गावासकट. मग नोंदीशेजारी पेन्सिलीने, मोडीत, 'रुजू' असे लिहून मी पुढचे बिल हातात घेतले.